एक दिवस नुसतं बघायला

“बघायला म्हंजी? कुणी आजारी हाय का तिथं?”

आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी पुण्याला गणपती बघायला जायचा विषय काढला, तेव्हा आक्कांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. सगळ्या हसल्या, मीही हसले. पण त्या रात्री ओटा आवरताना तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना.

आक्का आमच्या गटात सगळ्यांत थोरल्या. वय बासष्ट. मालक जाऊन पंधरा वर्षं झाली. पुण्याला चार वेळा जाऊन आलेल्या, आणि चारही वेळा ससूनला. दोनदा मालकांबरोबर, एकदा दिराबरोबर, एकदा सुनेच्या बाळंतपणाला. त्यांच्या लेखी पुणं म्हणजे दवाखान्याचा वऱ्हांडा, गुंडाळून नेलेली सतरंजी आणि डब्यातली गार भाकरी. पुढच्या बैठकीत मी एकेकीला विचारलं, “तुम्ही पुण्याला कशाला गेला होता?” एक मुलीच्या ॲडमिशनला गेलेली, एक कोर्टाच्या तारखेला, एक कांदा घेऊन मार्केट यार्डात, दोघी-तिघी कुणाच्या तरी मयताला. आम्ही बारा जणी. आमच्या सांगवीपासून पुणं शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. आणि नुसतं पुणं बघायला म्हणून एकही बाई कधी गेलेली नव्हती. मीसुद्धा नाही. मी बी.ए. झालेली, मीटिंगा-शिबिरांना जाणारी, तरी माझंही पुणं म्हणजे सभागृह आणि स्वारगेटचा फलाट, एवढंच.

म्हणून ठरवलं. जायचं. नवस नाही, आजारपण नाही, कुणाचं काम नाही. नुसतं बघायला.

परवानगीचा अध्याय

मैत्रिणींनो, घरातून एक दिवस बाहेर पडायचं तर बाईला किती दारं ओलांडावी लागतात, हे तुम्हाला मी काय सांगू! दिवस ठरवण्यापासून सुरुवात. गौरी घरात असताना बाईचा पाय उंबऱ्याबाहेर निघत नाही. २०२५ साली गौरी विसर्जन २ सप्टेंबरला आलं. तीन तारखेला एकादशी. अनंत चतुर्दशी सहा तारखेला. तेव्हा मधला ४ सप्टेंबर, गुरुवार, हा एकच दिवस आमच्या हाताशी होता.

मग धारांचा प्रश्न. जिच्या घरी दोन जर्सी गाई, तिनं काय करायचं? पहाटेची धार ती स्वतः काढून निघणार, संध्याकाळची मालक काढणार. मालक म्हणाले, “गाय मला लाथ मारती.” ती म्हणाली, “मला बी पयल्यांदा मारली व्हती.” विषय संपला.

एका घरी सासूबाई म्हणाल्या, “गणपती काय गावात न्हाईत? त्यासाठी पुण्याला कशाला जायाचं?” दुसऱ्या घरी प्रश्न गंभीर होता. २०२५ च्या फेब्रुवारीत स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला होता. ती बातमी घराघरांत पोचलेली. “अंधार पडल्यावर तिथं बायका उतरणार?” असं एका दादांनी विचारलं, तेव्हा मला त्यांचा राग आला नाही. भीती खरी होती. पण मी एवढंच म्हणाले, “दादा, अत्याचार करणारा मोकळा फिरतो म्हणून बाईनं घरात बसायचं, असं किती दिवस चालवायचं? आम्ही बारा जणी आहोत, हात धरून राहू.” ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “फोन चार्ज करून न्या.” ही परवानगीच होती!

पैशाचं मात्र कुणाला विचारावं लागलं नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे. बाकी खर्चाला प्रत्येकीनं आपल्या साठवणीतले पाचशे काढले. काहींनी लाडक्या बहिणीचे. आक्कांनी आपली नोट पदराच्या गाठीत बांधली आणि ती गाठ दिवसभर दर तासाला चाचपून बघितली.

मोरगावचा मोरया

पहाटे बारामतीच्या स्टँडवर गाडी धरली. मोरगाव, जेजुरी, सासवडमार्गे जाणारी. आदल्या दिवशी निम्म्या जणींची एकादशी होती, ती सोडली गाडीतच, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरीवर. कंडक्टरसाहेब बघतच राहिले.

मोरगाव आलं तसं सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले. मोरगावचा मयुरेश्वर म्हणजे अष्टविनायकातला पहिला, आणि तो आपल्या बारामती तालुक्यात. “गणपती बाप्पा मोरया” म्हणताना आपण ज्या मोरयाचं नाव घेतो, ते मोरया गोसावी. त्यांनी याच मोरगावात उपासना केली, असं सांगतात. त्यांची समाधी चिंचवडला आहे. मी हे गाडीत सांगितलं, तर आमच्या अंगणवाडीताई म्हणाल्या, “म्हणजे पुणेकर दहा दिवस आपल्याच तालुक्याचं नाव घेऊन ओरडतात की!” गाडीत हशा पिकला आणि सगळ्यांचं बुजलेपण थोडं कमी झालं.

जेजुरीचा गड खालूनच बघितला. सासवड मागं पडलं, दिवे घाट आला. ज्ञानोबांची पालखी हाच घाट चढून सासवडला येते, हे टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेलं. घाट उतरताना खाली मस्तानी तलाव दिसतो. जी ती खिडकीला! मागच्या सीटवरच्या एका कॉलेजच्या मुलानं कानातलं काढून आमच्याकडे बघितलं. त्याला रोजचा घाट, त्याला त्याचं काय.

जमिनीखालून कसब्यात

स्वारगेटला उतरलो आणि समोरच मेट्रोचं स्थानक. स्वारगेटहून मंडई, कसबा पेठ, शिवाजीनगर न्यायालय असा हा जमिनीखालचा मार्ग २०२४ च्या सप्टेंबरअखेर सुरू झाला. म्हणजे गणपतीत तो पहिल्यांदाच लोकांच्या उपयोगी पडत होता. पण मेट्रोत बसायच्या आधी एक संकट उभं होतं. सरकता जिना!

दोघी चटकन उतरल्या. तिसरीनं पाय पुढं केला, मागं घेतला. आक्का तर मागंच सरकल्या. “ह्यो जिना आपल्याला न्हेतो का आपण जिन्याला?” मागं माणसं खोळंबली. तेवढ्यात तिथल्या सुरक्षारक्षक मुलीनं येऊन आक्कांचा हात धरला. “आजी, निऱ्या वर धरा, खाली बघू नका, माझ्याकडे बघा,” म्हणत तिनं त्यांना अलगद खाली नेलं. खाली पोचल्यावर आक्का म्हणाल्या, “पुन्यांदा जाऊ या का?”

कसबा पेठेत बाहेर आलो. मानाचा पहिला गणपती म्हणजे कसबा गणपती, पुण्याचं ग्रामदैवत. जिजाबाई शिवबाला घेऊन पुण्यात आल्या तेव्हा त्यांनी हे देऊळ बांधलं. पुणं तेव्हा उजाड झालेलं होतं. लोकांच्या मनातली भीती जावी म्हणून सोन्याचा फाळ लावून इथली जमीन नांगरली, ही गोष्ट सगळ्यांनी शाळेत ऐकलेली. पण त्या जागेच्या आसपास उभं राहून ऐकली की वेगळी लागते. आमच्यातली एक रानात राबणारी. ती म्हणाली, “गाव बसवायचं तर आधी देऊळ आन् रान. बाईला बरुबर ठावं असतंय.” एवढ्या थोड्या शब्दांत एवढं नेमकं मला काही सांगता आलं नसतं.

जवळच लाल महाल. आत्ताची वास्तू महापालिकेनं अलीकडे उभारलेली, मूळ वाडा राहिला नाही. पण १६६३ साली शाहिस्तेखानाची बोटं तुटली ती इथंच. तिथून चालत शनिवारवाडा. १७३० च्या जानेवारीत पाया घातला आणि १७३२ साली वास्तुशांत झाली. १८२८ च्या आगीत आतलं सगळं जळालं. उरला तो दगडी तट आणि दिल्ली दरवाजा. दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे बघून एकीनं विचारलं, “हे कशाला?” “हत्तींनी धडक मारू नये म्हणून.” “आन् आतून जळालं!” यावर कुणी काही बोललं नाही, पण प्रत्येकीला आपापल्या ओळखीतलं एखादं घर आठवलं असावं.

मानाचे आणि मनाचे

मानाचे पाच गणपती म्हणजे कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा. विसर्जनाच्या मिरवणुकीत हे याच क्रमानं निघतात. लोकमान्य टिळकांनी १८९३-९४ च्या सुमारास उत्सवाला सार्वजनिक रूप दिलं, हे आपल्याला पाठ आहे. पण पुण्यात गेलं की कळतं, प्रत्येक पेठेची आपली एक गोष्ट आहे. गुरुजी तालमीचा गणपती त्याच्याही आधीचा, १८८७ चा. हिंदू आणि मुसलमान कुटुंबांनी मिळून बसवलेला. भाऊसाहेब रंगारी यांचा गणपती १८९२ चा, राक्षसाला मारणारा. मूर्ती बघितली की लहान मुलांचीच काय, मोठ्यांचीही नजर खिळून राहते. पहिला सार्वजनिक गणपती कुणाचा, यावर पुणेकर अजून भांडतात. आमच्या अंगणवाडीताई म्हणाल्या, “भांडू देत. देवावरून भांडतात, बांधावरून तर नाही!”

तांबडी जोगेश्वरी ही पुण्याची ग्रामदेवी. तिथं देवीची ओटी भरली. गटात आम्ही चार विधवा बायका. अशा वेळी त्या सवयीनं मागं सरकतात. आम्ही आधीच ठरवलं होतं, कुणीही मागं सरकायचं नाही. आक्कांनी ओटी भरली, हात थरथरत होते. पुजारी काही बोलले नाहीत. कुणीच काही बोललं नाही. इतकी वर्षं जिला घाबरलो, ती गोष्ट कधी कधी अशी एका क्षणात निभावून जाते.

पण दुसरी एक अडचण होती, आणि ती सांगायला लाजायचं कारण नाही. सकाळपासून बाराजणींपैकी एकीनंही धड पाणी प्यायलं नव्हतं. का, ते तुम्ही ओळखलंच असेल. परगावी गेलेली बाई आधी देऊळ शोधत नाही, मोरी शोधते. आणि मिळणार नाही या भीतीनं तहान मारते. आक्कांचे ओठ सुकलेले बघून मी एका जुन्या वाड्याच्या दाराशी गेले. दारावर पाटी, ‘दुपारी १ ते ४ दार वाजवू नये.’ घड्याळात पावणेएक! मी वाजवलं.

एक सत्तरीच्या बाई बाहेर आल्या. मी संकोचत कारण सांगितलं. त्यांनी माझ्या मागच्या अकरा जणींकडे बघितलं आणि दार पूर्ण उघडलं. “या. एकेक जण या, चपला ओळीत काढा.” बारा जणींचं आटोपेपर्यंत त्यांनी माठातलं पाणी काढून ठेवलं, चौकात सतरंजी टाकली. “डबे आणले असतील तर इथंच बसा, रस्त्यावर कुठं बसता?” आम्ही भाकरी, ठेचा, मटकीची उसळ काढली आणि आग्रहानं त्यांच्या हातावरही ठेवली. निघताना मी पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, “माफ करा हं.” तर म्हणाल्या, “ती पाटी विक्रेत्यांसाठी आहे. बाईसाठी नाही.” पुणेकरांवरचे विनोद आपण सगळेच सांगतो. मी तरी आता जरा जपून सांगेन.

गर्दीकडे पाठ करून

जेवण करून दगडूशेठ हलवाई गणपतीकडे निघालो. मिठाईचा व्यवसाय करणारे दगडूशेठ आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा मुलगा गेला, त्या दुःखातून सावरण्यासाठी त्यांनी गणपती बसवला, अशी याची कथा सांगतात. २०२५ ची सजावट केरळातल्या पद्मनाभस्वामी मंदिराची होती. उंचच उंच, डोळे दिपवणारी. रांग इतकी लांब की आम्ही रस्त्यावरूनच मुखदर्शन घेतलं. गर्दीतल्या एका बाईंनी सांगितलं, की ऋषिपंचमीला पहाटे इथं हजारो बायका रस्त्यावर बसून एका सुरात अथर्वशीर्ष म्हणतात. त्या स्वतः दरवर्षी येतात. “पहाटे तीनला घरातून निघते, आणि कुणी अडवत नाही,” हे सांगताना त्यांचा चेहरा मंडपातल्या दिव्यांसारखाच उजळला होता.

आता जे सांगते, त्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

दगडूशेठ मंदिराच्या समोरच भिडेवाडा होता. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती या वाड्यात. वाडा पडायला आला होता, जागेचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात. शेवटी सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन निकाल लागला, डिसेंबर २०२३ मध्ये पडका वाडा उतरवला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिथं स्मारकाची पायाभरणी झाली. आम्ही गेलो तेव्हा वाडा नव्हता आणि स्मारकही अजून उभं राहायचं होतं. बघायला काही नव्हतं, खरं तर.

रस्ताभर माणसं, सगळ्यांची तोंडं गणपतीकडे. मी आमच्या बायकांना म्हटलं, “जरा मागं वळा.” त्या वळल्या. “काय हाय?” मी सांगितलं. सावित्रीबाई आपल्या भागातल्याच, नीरेपलीकडच्या सातारा जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. मुलींना शिकवायला जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण टाकायचे. त्या जास्तीचं लुगडं बरोबर न्यायच्या आणि शाळेत जाऊन बदलायच्या. हे सगळं आमच्यातल्या तरुण मुलींनी पुस्तकात वाचलेलं. आक्कांनी नव्हतं. त्यांची शाळा दुसरीतच सुटली, धाकट्या भावाला सांभाळायला.

आक्का म्हणाल्या, “हितंच? ह्याच जाग्याला?”

“हो.”

त्यांनी चपला काढल्या. गर्दीत कुणाचा धक्का लागत होता, कुणी “आजी, बाजूला व्हा” म्हणत होतं. आक्कांनी त्या मोकळ्या जागेच्या दिशेनं हात जोडले, अगदी मघाशी देवीपुढं जोडले होते तसेच. मग मला म्हणाल्या, “शेण टाकायचं व्हय? आन् तरी जायाची?” एवढंच. पुढं बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

मैत्रिणींनो, गणपतीला विद्येची देवता म्हणायचं, आणि त्याच्यासमोरच आपल्याला विद्या देणाऱ्या बाईची जागा आहे हे मात्र कुणाच्या ध्यानात नाही! देवाकडे पाठ करा असं मी म्हणत नाही. पण दर्शन झालं की एकदा मागं वळा. तेवढं केलं तरी पुण्याला गेल्याचं सार्थक होईल.

माळ्यावरच्या वस्तू, काचेच्या कपाटात

दुपारी राजा दिनकर केळकर संग्रहालय बघितलं. दिनकर केळकर यांचा लहानगा मुलगा राजा वारला. त्याच्या नावानं हे संग्रहालय. पत्नी कमलाबाई यांच्या साथीनं केळकरांनी गावोगाव हिंडून वीस हजारांहून अधिक वस्तू जमवल्या आणि १९७५ साली सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. एकाच दिवसात आम्ही पाहिलेल्या दोन गोष्टींच्या मुळाशी गेलेलं मूल होतं. दुःख सगळ्यांनाच होतं, पण त्यातून दुसऱ्यांसाठी काही उभं करणारी माणसं थोडी.

आत गेल्यावर मात्र आमच्या बायकांची जीभ सुटली. तलवारी, वाद्यं, कोरीव दारं बघून झाली आणि मग आली अडकित्त्यांची कपाटं. मोराचे, घोड्याचे, बाईच्या आकाराचे. मग दिवे, समया. पाय घासायच्या वज्री, फण्या, करंडे, स्वयंपाकघरातली भांडी. “अगं, हे तर आमच्या माळ्यावर हाय!” “माझ्या सासूची अशीच वज्री व्हती, भंगारवाल्याला दिली मी.” “किती रुपयाला?” “वीस.” “आता ये बघायला तिकीट काढून!”

हसून झाल्यावर मला जाणवलं, की इतिहासात आपण आहोत का, असा प्रश्न बाईला नेहमी पडतो. राजे, लढाया, तह यांत आपलं कुठं काय? पण इथं तर अर्धा इतिहास आपल्या ओट्यावरचा आहे. सुपारी कातरणारा, दिवा लावणारा, केस विंचरणारा हात बाईचा. त्या हाताचं नाव कुठं लिहिलेलं नाही, एवढंच.

तुळशीबागेतली खरेदी

केसरीवाड्याचा गणपती पाहिला. टिळक याच वाड्यात राहायचे, १९०५ पासून उत्सव इथं. बाकीच्या ठिकाणच्या झगमगाटानंतर इथं शांत वाटतं, पाय टेकायला बरं. मग गुरुजी तालीम, आणि तिथून तुळशीबागेची उंच, देखणी मूर्ती. आणि मूर्तीच्या भोवती तुळशीबाग! आता गर्दीला कोण विचारतं! अर्धा तास दिला होता, सव्वा तास लागला. क्लिपा, टिकल्या, चाळण्या, झारे, नातवंडांना फ्रॉक.

आक्का कुठं दिसेनात. माझ्या पोटात गोळा आला. हाका मारत मागं गेले तर त्या पितळी खेळण्यांच्या दुकानापुढं उभ्या. तुळशीबागेतली भातुकली प्रसिद्धच. इवलासा बंब, इवलंसं जातं, चूल, कळशी, पोळपाट. आक्कांनी पदराची गाठ सोडली होती आणि दुकानदाराशी घासाघीस चालली होती.

“नातीला का, आक्का?” मी विचारलं.

“न्हाय. मला.”

मला काय बोलावं सुचेना. त्या भातुकलीकडेच बघत म्हणाल्या, “लहानपणी न्हवती. खरीच चूल हातात आली, आठव्या वर्षी.”

दुकानदारानं ऐकलं असावं. त्यानं आणखी भाव कमी केला नाही, पण एक छोटी पितळी पळी वरून टाकली.

अंधार पडला आणि शहर दिव्यांनी फुलून गेलं. हलते देखावे, रस्ताभर माणसांचा लोंढा, कुठं पिपाण्या, कुठं फुगे. मंडईचा शारदा-गजानन बघितला. गणपतीबरोबर शारदा आहे, म्हणून आमच्या बायकांना तो सगळ्यांत आवडला. “ह्यो बरा, बायकूला संगं घेऊन बसलाय,” असा शेरा पडला. मी सांगायला गेले की शारदा म्हणजे विद्येची देवी, पण ऐकतंय कोण! मंडईची जुनी इमारत १८८६ ची. पालिकेत असताना जोतिराव फुल्यांनी हा खर्च नको म्हणून विरोध केला होता. आज मंडईला नाव त्यांचंच आहे. मंडईतूनच मेट्रोनं स्वारगेट, आणि तिथून बारामतीची गाडी. फलाटावर आम्ही बारा जणी एकमेकींचे हात धरून उभ्या होतो. गाडी लागेपर्यंत कुणाचा हात सुटला नाही.

तुम्हीही निघणार असाल तर

गौरी विसर्जनानंतरचा आणि अनंत चतुर्दशीआधीचा एखादा कामाचा दिवस निवडा. शनिवार-रविवार टाळा. मानाचे गणपती सकाळी बघा, गर्दी कमी असते. रोषणाई आणि देखावे मात्र संध्याकाळीच. संध्याकाळी मध्यवस्तीतले रस्ते गाड्यांना बंद होतात, तेव्हा चालायची तयारी ठेवा, सपाट चपला घाला. दागिने घरी ठेवा. प्रत्येकीच्या पर्समध्ये फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या, मोबाईलची बॅटरी संपते, चिठ्ठीची नाही. चुकामूक झाली तर कुठं भेटायचं, ते आधी ठरवा. मेट्रोच्या स्थानकात स्वच्छतागृह असतं, ते लक्षात ठेवा. आणि बायांनो, पाणी प्या!

रात्री उशिरा सांगवीत पोचलो. ज्यांच्या मालकांनी धार काढली होती, त्यांनी अंगणात उभं राहून सगळं साग्रसंगीत सांगितलं. गाईनं लाथ मारलीच होती. एका घरी खिचडी खाली लागली होती, आणि तो वास गल्लीभर होता. पण कुणाचं घर काही मोडून पडलं नव्हतं. एक दिवस बाई घरात नसली तर काय होतं? खिचडी लागते. एवढंच होतं.

पुढच्या महिन्यात गटाची बैठक होती. सगळ्यांनी आपापली बचत जमा केली, मी वहीत मांडत होते. आक्कांनी नेहमीची रक्कम दिली. मग पदराची गाठ सोडून शंभराची आणखी एक नोट पुढं ठेवली.

“ही कशात धरू, आक्का? कर्जाचा हप्ता?”

“न्हाय. पुढच्या वर्षी कुठं जायाचं, त्यात.”

वहीत तसा रकाना नव्हता. मी पट्टी घेतली, एक उभी रेघ ओढली आणि वर लिहिलं, ‘बघायला’.